ध्वनिफॉरमॅटची पेटंटे आणि परवाने : लहान उद्योगाने तपासणी कशी करावी

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आणि नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यात आवाजाशी संबंधित काम करणारे लहान उद्योग आता बरेच आहेत. कोणी आरत्या आणि अभंग भरलेला छोटा प्लेअर तयार करतो, कोणी नौपाड्यात दोन खोल्या भाड्याने घेऊन बोलकी पुस्तके ध्वनिमुद्रित करतो, कोणी दवाखान्यांसाठी आणि पतसंस्थांसाठी फोनवरून आपोआप उत्तरे देणारी यंत्रणा बसवतो. या सर्वांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : 'एमपी३ आता मोफत झाले ना?' उत्तर होकारार्थी आहे, परंतु तेवढ्या उत्तरावर विसंबून उत्पादन बाजारात आणणे योग्य नाही. परवान्याचे बंधन फॉरमॅटच्या नावावर ठरत नाही. त्या फॉरमॅटचे तुम्ही नेमके काय करता, कोणत्या देशात करता आणि कोणाचा कोड किंवा कोणाची चिप वापरून करता, या तीन गोष्टींवर ते ठरते. म्हणून तपासणीही त्याच क्रमाने करावी.

आधी आपली कृती लिहून काढा

पेटंट कायदा, १९७० च्या कलम ४८ नुसार, पेटंट घेतलेली वस्तू परवानगीवाचून बनवणे, वापरणे, विकणे, विक्रीसाठी मांडणे आणि त्यासाठी आयात करणे यांपासून इतरांना रोखण्याचा हक्क पेटंटधारकाला असतो. पेटंट एखाद्या पद्धतीचे असेल, तर ती पद्धत वापरण्यापासूनही तो इतरांना रोखू शकतो. कायद्याचा आवाका असा मोठा असला, तरी परवाना देणारे प्रत्यक्षात शुल्क कोणाकडून मागतात हे प्रत्येक योजनेत वेगळे असते, आणि लहान उद्योगाच्या खर्चाचे गणित त्यावरच बसते. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या एमपी३ पेटंटांचे परवाने थॉमसन कंपनीमार्फत दिले जात, त्या काळात केवळ वाजवणाऱ्या उपकरणामागे ७५ सेंट आकारले जात आणि एन्कोडरचा, म्हणजे आवाज त्या फॉरमॅटमध्ये बसवणाऱ्या भागाचा, दर त्याहून अधिक होता. एमपी३ फायली विकून किंवा प्रसारित करून मिळणाऱ्या उत्पन्नावरही २ टक्के शुल्क होते. मात्र वार्षिक उत्पन्न एक लाख डॉलरपेक्षा कमी असणाऱ्यांना ते लागू नव्हते. एएसी या एमपी३नंतर आलेल्या फॉरमॅटची योजना आज व्हाया एलए ही अनेक हक्कदारांच्या वतीने परवाने देणारी संस्था चालवते, आणि तिची रचना मुळातच निराळी आहे. तिथे उपकरण किंवा सॉफ्टवेअर बनवून देणाऱ्याकडून प्रत्येक नगामागे शुल्क घेतले जाते, पण एएसीमध्ये तयार केलेली फाईल विकणाऱ्याकडून किंवा प्रसारित करणाऱ्याकडून काहीही घेतले जात नाही.

या फरकाचा अर्थ असा की, नौपाड्यातला बोलक्या पुस्तकांचा स्टुडिओ परवाना असलेल्या नेहमीच्या सॉफ्टवेअरमधून एएसी फाईल काढून विकत असेल, तर त्याला या योजनेत फाईलमागे काहीही देणे लागत नाही. तीच फाईल वाजवणारे स्वतःचे ॲप किंवा यंत्र तो विकू लागला, की त्याची बाजू बदलते. म्हणून एका कागदावर स्पष्ट लिहा : आपण फक्त ध्वनिफायली देतो, एन्कोडर किंवा डिकोडर (फाईलमधून आवाज परत काढणारा भाग) असलेले सॉफ्टवेअर देतो, यंत्र बनवतो, की तयार यंत्र बाहेरून आणून विकतो? एकाच उद्योगात यांपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र असू शकतात, आणि तेव्हा प्रत्येकीसाठी स्वतंत्र उत्तर शोधावे लागते. ऐरोलीच्या किंवा वाशीच्या महाविद्यालयातील विद्यार्थी केवळ प्रयोग, संशोधन किंवा अध्यापनासाठी कोडेक (एन्कोडर-डिकोडरची जोडी) तपासत असतील, तर कलम ४७ त्यांना मोकळीक देते. तोच प्रकल्प विक्रीला आला की ती मोकळीक संपते.

येथे एक गोष्ट वेगळी काढून ठेवणे आवश्यक आहे. फॉरमॅटचा परवाना आणि गाण्याचा परवाना यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. तुकोबांच्या अभंगाचे शब्द कोणाच्याही मालकीचे नाहीत, पण त्या अभंगाला दिलेली अलीकडची चाल आणि त्याचे ध्वनिमुद्रण यांवर कॉपीराइट असतो, आणि भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. एमपी३ची पेटंटे संपल्यामुळे त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क सुटत नाही.

एका नावाखाली अनेक थर असतात

एमपी३चे मानक १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर ते फारसे बदलले नाही, त्यामुळे त्याची पेटंटे ठरावीक काळात संपत गेली. २३ एप्रिल २०१७ रोजी फ्राउनहोफरने आपली परवाना-योजना बंद केली. त्या वेळी अनेक वृत्तपत्रांनी 'एमपी३ संपले' असे मथळे दिले. प्रत्यक्षात संपले होते ते शुल्क, आणि फॉरमॅट त्या दिवसापासून अधिक मोकळेपणाने वापरता येऊ लागला. आरत्यांच्या प्लेअरसारख्या उत्पादनासाठी माझ्या मते आजही एमपी३ हीच सर्वांत निर्धास्त निवड आहे, कारण त्याची मुदत स्पष्टपणे उलटून गेली आहे आणि प्रत्येक स्वस्त चिप ते वाजवते.

एएसीची गोष्ट इतकी सरळ नाही, आणि बहुतेकांची गफलत येथेच होते. 'एएसी' हे एका कुटुंबाचे नाव आहे. त्यातला मूळ भाग, ज्याला एएसी-एलसी म्हणतात, १९९७ च्या मानकातला आहे आणि त्याची पायाभूत पेटंटे वयाने संपलेली आहेत. याच आधारावर फेडोरा या लिनक्स वितरणाने २०१७ मध्ये एएसीच्या या मर्यादित भागाला आपल्या संग्रहात जागा दिली. परंतु २००३ मध्ये त्यात वरच्या कंपनांची पुनर्रचना करणारे तंत्र जोडून एचई-एएसी आले, २००४ मध्ये स्टिरिओचे वर्णन थोडक्या बिटांत करणारे तंत्र जोडून त्याची दुसरी आवृत्ती आली, आणि २०१२ मध्ये ज्या मानकाला पूर्णत्व मिळाले त्यातून एक्सएचई-एएसी आले. प्रत्येक थराबरोबर नवी पेटंटे आली. त्यामुळे 'आमचे ॲप एएसी वापरते' हे वाक्य परवान्याच्या दृष्टीने अपुरे आहे. कोणता प्रोफाईल, म्हणजे या कुटुंबातला कोणता प्रकार, वापरता, हे लिहिलेच पाहिजे. ३२ किंवा ४८ केबीपीएस (सेकंदाला तेवढे हजार बिट) इतक्या कमी दराला चांगला आवाज हवा म्हणून एन्कोडरने आपोआप एचई-एएसी निवडलेला असू शकतो, हे तुमच्या तंत्रज्ञाकडून तपासून घ्या.

बोलण्याच्या आवाजासाठी ऑपस या खुल्या कोडेकचा विचार अवश्य करावा. सप्टेंबर २०१२ मध्ये इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफ संस्थेने ते आरएफसी ६७१६ या दस्तऐवजात प्रसिद्ध केले. त्यात स्काईपचे सिल्क आणि झिफ संस्थेचे सेल्ट ही दोन तंत्रे एकत्र आली असून, झिफ, ब्रॉडकॉम आणि मायक्रोसॉफ्ट यांनी आपापली पेटंटे त्यासाठी विनाशुल्क खुली केली. या खुलेपणाला एक अट आहे : ऑपस वापरल्याबद्दल तुम्ही इतरांवर पेटंटाचा दावा लावलात, तर तुमची परवानगी रद्द होते. येथे आणखी एक सावधगिरी हवी. ज्यांनी परवानगी दिली तेवढ्यांचीच पेटंटे या अटींखाली येतात. ऑपसवर आपलीही पेटंटे लागू होतात असे म्हणणारे इतर हक्कदार आहेत आणि त्यांच्या वतीने उपकरण-उत्पादकांसाठी पेटंट-संच (अनेकांच्या पेटंटांचा एकत्रित परवाना) उभा करण्याच्या हालचालीही झाल्या आहेत. म्हणून ॲपसाठी ऑपस निवडणे आणि हजारो नगांच्या यंत्रासाठी ते निवडणे यांत थोडा फरक करावा.

ध्वनीचा कोणताही भाग न गमावणाऱ्या फॉरमॅटबद्दल फार काळजीचे कारण नाही. फ्लॅक २००१ पासून खुले आहे, आणि ॲपलने आपले अलॅक ऑक्टोबर २०११ मध्ये अपाची या मुक्त-सॉफ्टवेअर परवान्याखाली खुले केले, ज्यात पेटंटाची परवानगीही समाविष्ट असते.

मुदत आणि नोंद कशी पाहावी

पेटंट हे देशापुरते असते. भारतात त्याची मुदत अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून २० वर्षे असते, आणि अर्ज पीसीटी (एकाच अर्जाने अनेक देशांत पेटंट मागण्याचा आंतरराष्ट्रीय करार) मार्गाने आलेला असेल, तर आंतरराष्ट्रीय अर्जाच्या तारखेपासून. दस्तऐवजावर छापलेली प्राधान्य तारीख त्याहून आधीची असते, आणि तिच्यावरून हिशेब केला तर उत्तर एका वर्षापर्यंत चुकू शकते. मूळ अर्जातून फुटून निघालेल्या विभागीय अर्जाची मुदतही मूळ अर्जापासूनच मोजतात. भारत पॅरिस करारात आणि पीसीटीमध्ये ७ डिसेंबर १९९८ रोजी सामील झाला, त्याआधी परदेशी संशोधकाला पीसीटीमार्गे भारतात येण्याची सोय नव्हती; त्यामुळे ऐंशीच्या आणि नव्वदच्या दशकातल्या अनेक शोधांची परदेशातली आणि इथली स्थिती सारखी असेल असे गृहीत धरू नये. उलट, तुमचा अभंगांचा प्लेअर दुबईतल्या किंवा न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाकडे निघाला, तर तिथला कायदा तपासावा लागतो. अमेरिकेत जून १९९५ पूर्वीच्या अर्जांची मुदत मंजुरीपासून १७ वर्षे धरूनही मोजली जात असे, आणि त्यामुळे काही जुनी पेटंटे तिथे अधिक काळ जिवंत राहिली.

'भारतात सॉफ्टवेअरला पेटंटच नाही' हे वाक्य आपल्याकडे ठामपणे सांगितले जाते, आणि त्यावर कोणी विसंबू नये असे मला मनापासून वाटते. कलम ३(के) संगणकीय प्रोग्रॅम 'केवळ तेवढ्याच स्वरूपात' आणि अल्गोरिदम यांना पेटंट नाकारते हे खरे आहे. पण दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये फेरिद अल्लानी प्रकरणात तांत्रिक परिणाम घडवणारे शोध संगणकीय प्रोग्रॅमवर चालत असले तरी पेटंटाला पात्र ठरू शकतात, हे स्पष्ट केले, आणि आवाजाचे संकेत कमी बिटांत बसवण्याच्या पद्धतींना भारतात पेटंटे मिळालेली आहेत.

प्रत्यक्ष शोधासाठी भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावरील इनपास ही विनामूल्य सोय वापरावी. विषयवार शोध घेताना जी१०एल १९/०० हा आंतरराष्ट्रीय वर्ग टाकावा, कारण बोलणे आणि ध्वनी यांच्या एन्कोडिंगची पेटंटे त्यात मोडतात. अर्जदाराच्या नावाने शोधताना जुनी नावेही घालावीत : कोडिंग टेक्नॉलॉजीज ही कंपनी २००७ मध्ये डॉल्बीने घेतली, आणि थॉमसनचे नाव पुढे टेक्निकलर झाले. सापडलेल्या पेटंटाचे शीर्षक वाचून निष्कर्ष काढू नये. शेवटी दिलेले दावे, म्हणजे क्लेम्स, हेच हक्काची हद्द ठरवतात. त्यानंतर ई-रजिस्टरमध्ये वार्षिक शुल्क भरलेले आहे का ते पाहावे. जमीन घेताना आपण सातबारा पाहतो आणि फेरफारही पाहतो, तसेच हे आहे. शुल्क न भरल्याने पेटंट बंद पडलेले दिसले, तरी १८ महिन्यांच्या आत ते पुन्हा जिवंत करण्याचा अर्ज करता येतो, म्हणून ती तारीखही टिपून ठेवावी. आपल्या भागासाठीचे पेटंट कार्यालय अँटॉप हिलला आहे, परंतु एवढ्या तपासणीसाठी तिथपर्यंत जाण्याची गरज पडत नाही. दाव्यांचा अर्थ लावण्याची वेळ आली, की मात्र नोंदणीकृत पेटंट एजंटला किंवा वकिलाला पैसे द्यावेत. तिथे काटकसर करू नये.

मुदत संपली म्हणजे मागचे सर्व धुतले गेले, असेही होत नाही. पेटंट जिवंत असताना केलेल्या विक्रीबद्दलचा न्यायालयीन दावा लिमिटेशन ॲक्टच्या (दावा किती काळात लावायचा ते ठरवणाऱ्या कायद्याच्या) मर्यादेत, सामान्यतः तीन वर्षांपर्यंत, नंतरही लावता येतो.

चिपचे शुल्क कोणी भरले, याचा कागद हवा

यंत्र बनवणाऱ्यांनी हा भाग सर्वांत काळजीपूर्वक वाचावा. 'डिकोडर चिपमध्येच आहे, शुल्क चिपवाल्याने भरले असेल' हे वाक्य महाप्याच्या कारखान्यांत सर्रास ऐकू येते. हक्कदाराच्या परवानगीने विकलेल्या वस्तूवर पुन्हा शुल्क मागता येत नाही हे तत्त्व खरे आहे, पण ते सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. डीव्हीडी प्लेअरसंबंधीच्या फिलिप्सच्या दाव्यात नेमके हेच घडले. ते पेटंट ध्वनिसंकोचनाचे नव्हते, डिस्कवरील संकेत उलगडण्याचे होते. तरी धडा तोच आहे. भाग आयात करून प्लेअर जोडणाऱ्यांनी सांगितले की भाग परवानाधारकांकडून घेतले आहेत, पण ते त्यांना पुराव्याने दाखवता आले नाही. १२ जुलै २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला आणि प्रत्येक प्लेअरमागे २७ मे २०१० पर्यंत ३.१७५ डॉलर व त्यानंतर १.९० डॉलर असा दर लावला. स्वस्त प्लेअरच्या नफ्यात हा आकडा बसवून पाहा.

म्हणून बीओएममधील (यंत्राच्या सुट्या भागांच्या यादीतील) प्रत्येक ध्वनिचिपसाठी सप्लायरकडून लेखी मागा : चिपमध्ये कोणते कोडेक चालू आहेत, त्यांपैकी कोणाचे शुल्क चिपच्या किमतीत धरले आहे, आणि कोणाचे तयार यंत्र विकणाऱ्याने भरायचे आहे. अनेक योजनांत शुल्क चिपवर नसून तयार यंत्रावर असते, आणि डेटाशीटमध्ये कोडेकचे नाव छापलेले असणे म्हणजे परवाना असणे नव्हे. जे कोडेक तुमच्या उत्पादनाला लागतच नाहीत, ते फर्मवेअरमधून (यंत्रात भरलेल्या सॉफ्टवेअरमधून) काढून टाकायला सांगा आणि खोक्यावरही त्यांची नावे छापू नका. न्हावा-शेवाहून माल सुटला म्हणजे पेटंटाचा प्रश्न मिटला, असेही समजू नका. २०१८ पासून सीमाशुल्काच्या बौद्धिक संपदेविषयीच्या नियमांतून पेटंट वगळलेले आहे, त्यामुळे तिथे अडवणूक न होणे हा कशाचाही पुरावा नाही.

कोडचा परवाना वेगळा, पेटंटाचा वेगळा

सॉफ्टवेअर देणाऱ्यांना दोन परवाने एकाच वेळी पाहावे लागतात. लेम हा प्रसिद्ध एमपी३ एन्कोडर एलजीपीएल या मुक्त-सॉफ्टवेअर परवान्याखाली आहे. एमपी३ची पेटंटे संपली तरी त्या कोडच्या अटी संपलेल्या नाहीत : परवान्याची प्रत द्यावी लागते, लायब्ररीचा, म्हणजे त्या तयार कोडचा, सोर्स उपलब्ध ठेवावा लागतो, आणि ग्राहकाला ती लायब्ररी बदलता येईल अशी जोडणी ठेवावी लागते. याच्या उलट स्थिती फ्राउनहोफरच्या एफडीके-एएसी लायब्ररीची आहे. तिचा सोर्स सर्वांना मिळतो, पण तिच्या परवान्यात पेटंटाची कोणतीही परवानगी दिलेली नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. एफएफएमपेग हे ध्वनी-चित्रफिती रूपांतरित करणारे मुक्त सॉफ्टवेअर वापरत असाल, तर तुमची प्रत कोणत्या पर्यायांसह बांधली आहे ते तिच्या आवृत्तीच्या माहितीत दिसते. त्यात 'नॉनफ्री' हा पर्याय असेल, तर ती प्रत ग्राहकाला वाटण्यास परवानगी नाही, मग तुम्ही किंमत घ्या किंवा घेऊ नका.

फोनवरच्या यंत्रणेसाठी

उत्तरे देणाऱ्या फोन-यंत्रणेत बहुधा जी.७११ हे फोनवरच्या आवाजाचे जुने कोडेक पुरते, आणि त्याबद्दल कोणी शुल्क मागत नाही. जी.७२९ या कमी बिटांत बोलणे पाठवणाऱ्या कोडेकसाठी पूर्वी प्रत्येक वाहिनीमागे परवाना घ्यावा लागे. १ जानेवारी २०१७ पासून त्याच्या मूळ पेटंटांचे शुल्क राहिलेले नाही. जुन्या कोटेशनमध्ये ही ओळ अजून दिसली, तर विक्रेत्याला कारण विचारा. मोबाईलच्या आवाजासाठीचे एएमआर मात्र हलक्यात घेऊ नये. एरिक्सनने भारतीय मोबाईल विक्रेत्यांवर लावलेल्या दाव्यांत एएमआरची पेटंटे होती, आणि मार्च २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने लावा कंपनीला सुमारे २४४ कोटी रुपये भरपाई देण्यास सांगितले. त्याच निकालात आठपैकी एक पेटंट अवैधही ठरले, म्हणजे प्रत्येक पेटंट तपासून पाहण्यात अर्थ असतो.

पत्र आले तर

हक्कदाराचे किंवा पेटंट-संचाचे पत्र आले, तर ते बाजूला टाकू नये आणि घाईने पैसेही भरू नयेत. पेटंटाची माहिती नव्हती, असा बचाव कलम १११ खाली भरपाईपुरता करता येतो, पण क्रमांकासह पत्र मिळाल्यावर त्या बचावाचा आधार जातो. मार्च २०२३ च्या एरिक्सन विरुद्ध इंटेक्स (मोबाईल विकणारी कंपनी) प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने मानकावश्यक पेटंटांच्या (जी टाळून मानक वापरताच येत नाही अशांच्या) बाबतीत वापरणाऱ्यानेही प्रामाणिकपणे वाटाघाटी केल्या पाहिजेत, हे स्पष्ट केले. म्हणून लेखी उत्तर द्यावे आणि भारतीय पेटंटांचे क्रमांक, पेटंटातला कोणता दावा (क्लेम) मानकाच्या कोणत्या भागाला लागू पडतो त्याचा तक्ता, आणि दर कोणत्या आधारावर ठरला याची माहिती मागावी. आपले उत्पादन त्या हद्दीत येतच नाही अशी खात्री असेल, तर कलम १०५ नुसार तसे आधी लेखी कळवून न्यायालयाकडून घोषणा मागता येते, आणि निराधार धमक्यांविरुद्ध कलम १०६ आहे.

परवाना घ्यायचे ठरले, तर तो कोणाकोणाला बांधतो हे वाचा. मायक्रोसॉफ्टने एमपी३साठी फ्राउनहोफरला १.६ कोटी डॉलर दिले होते, तरी अल्काटेल-ल्युसेंटच्या दाव्यात फेब्रुवारी २००७ मध्ये ज्यूरीने तिच्याविरुद्ध सुमारे १.५ अब्ज डॉलरचा कौल दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यायाधीशांनी तो फिरवला, पण एका हक्कदाराचा परवाना दुसऱ्याच्या पेटंटाला चालत नाही हे त्यातून उघड झाले. भारतीय कायद्यात पेटंटाचा परवाना लेखी असावा लागतो आणि त्याची नोंद कलम ६८ व ६९ नुसार पेटंट कार्यालयात होते. परदेशी संस्थेला रॉयल्टी पाठवताना प्राप्तिकराची कपात करावी लागते आणि रिव्हर्स चार्जने, म्हणजे सेवा घेणाऱ्याने स्वतः, जीएसटीही भरावा लागतो. दुहेरी कर टाळण्याच्या करारातला कमी दर हवा असेल, तर समोरच्याचे टॅक्स रेसिडेन्सी प्रमाणपत्र (तो करासाठी कोणत्या देशाचा रहिवासी आहे याचा दाखला) आधी मागवावे. करारात रक्कम 'कर वगळून' लिहिली असेल, तर तो कर तुमच्याच खिशातून जातो, आणि प्रत्येक नगाचा खरा खर्च ठरलेल्या दरापेक्षा बराच जास्त होतो. करारातले हे कलम सह्या होण्यापूर्वी आपल्या सीएला दाखवा.